दसऱ्यानंतर रंगवू, म्हणाला होता

विनू गेला त्या सकाळी मी प्रभादेवीला एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या नातीचं गणित अडलं होतं, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कुणी गणित म्हटलं की माझा पाय घरात ठरत नाही. साडेदहाच्या सुमारास शेजारच्या पेडणेकरकाकूंचा फोन आला. "अगो शैला, तू लगेच ये," एवढंच म्हणाल्या. काकू फोनवर कधी इतकं थोडं बोलत नाहीत. मला तेव्हाच कळलं... टॅक्सीत बसल्यावर एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. निघताना तो म्हणाला होता, "ताई, येताना थोडी खारी आण गं." मी म्हटलं होतं, "खारी तुला बंद आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते वाचून दाखवू का?" तो हसला होता. त्रेसष्ट वर्षांच्या भावाशी माझं शेवटचं बोलणं हे असं झालं. घरी पोचले तर तो खिडकीजवळच्या खुर्चीत तसाच बसलेला होता, चष्मा हातात, जणू काच पुसता पुसता डोळा लागलाय.

आता सहा आठवडे झाले. लोक येऊन गेले, चांगलं बोलून गेले. पण जे मला सांगायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय विनूबद्दल काही लिहिणं खरं होणार नाही.

विनायक माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. आई-वडील गेल्यावर गिरगावातल्या चाळीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहिलो. माझं लग्न झालं नाही, त्याने केलं नाही. मी शाळेत गणित शिकवायचे. तो दहावीनंतर गिरगावातल्याच एका चष्म्याच्या दुकानात लागला आणि दुकान बंद होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षं, तिथेच होता. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, हे त्याचं काम. पुढे मशिनं आली, तयार भिंगं यायला लागली, तरी शेठ अवघड नंबर विनूकडेच द्यायचे. तो काच घासून झाली की डोळे मिटून तिच्यावरून अनामिका फिरवायचा. "पहिल्या बोटाने कळत नाही," म्हणायचा, "ते कामं करून बधिर झालेलं असतं." घरीही ही सवय होती. नवीन ताट आणलं, कपाटाला रंग दिला, की याचं बोट फिरलंच. मला हसू यायचं. कधी कधी रागही यायचा, कारण माझा स्वभाव अगदी उलटा. जूनमध्ये पोर्शन सुरू करायचा, फेब्रुवारीत संपवायचा, मार्चमध्ये उजळणी. अर्धवट राहिलेली गोष्ट मला डोळ्यांसमोर सहन होत नाही.

शेठनी दुकान बंद केलं तेव्हा विनूला विचारलं, "तुला काय देऊ?" विनू म्हणाला, "ती बाहेरची मोटरसायकल द्याल?" शेठची ती साडेतीनशे सीसीची जुनी मोटरसायकल दुकानाच्या दारात वर्षानुवर्षं उभी असायची. तरुणपणी शेठ तिच्यावरून यायचे, मग गुडघे गेले आणि ती नुसतीच उभी राहिली. मडगार्ड गंजून पापड झालेले, टाकीवर कुणीतरी ब्रशने काळा ऑइलपेंट फासलेला. हातगाडीवर घालून ती आमच्या चाळीत आली, आणि जिन्याखाली जिथे आमच्या लहानपणी कोळशाची पोती असायची तिथे तिचं बस्तान बसलं. मी विचारलं, "अरे, पण चालवणार कोण?" विनूला सायकलसुद्धा धड येत नव्हती. "चालवायची कशाला?" तो म्हणाला. "शेठनी घेतली तेव्हा कशी दिसायची माहितेय तुला? मी सोळा वर्षांचा होतो. दुकानात पहिल्या दिवशी आत जायच्या आधी मी हिच्यासमोरच उभा होतो."

त्याने ती पूर्ण खोलली. लालबागच्या नंदूकडून एकेक गोष्ट शिकला. नंदूची तिथे पत्र्याची छोटी शेड आहे. गाड्यांचं डेंटिंग आणि रंगकाम करतो. पन्नाशीचा माणूस, मालवणकडचा, बोलायला मोकळा. त्याने सांगितलं तसं विनू टाकीला रिमूव्हर लावायचा आणि थांबायचा. थोड्या वेळाने जुना रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर यायचा, मग पत्र्याच्या पट्टीने तो ओढून काढायचा. काळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली मूळचा मरून. मग नुसता पत्रा. मग गंज. तारेच्या ब्रशने, मग जाड पॉलिश पेपरने, मग बारीक, त्याहून बारीक. खड्डे राहिले तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की तिच्यावर पेन्सिलने हलक्या रेघोट्या मारायच्या आणि लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासायचं. रेघ जिथे पुसली जात नाही तिथे खोलगट आहे. पुन्हा लांबी, पुन्हा रेघोट्या. चाळीतले लोक येता-जाता विचारायचे, "काय विनूभाऊ, कधी काढताय बाहेर?" हा वर न बघता म्हणायचा, "दसऱ्यानंतर. हवा कोरडी व्हायला पाहिजे."

असे पाच दसरे गेले. दोनदा तर रंगाखालचा प्रायमर मारून झाला होता. पहिल्यांदा बोट फिरवताना त्याला टाकीच्या डाव्या बाजूला कणभर काहीतरी लागलं. मला दाखवलं, मला काही कळेना. त्याने तो सगळा प्रायमर उतरवला. दुसऱ्यांदा पुढचा मडगार्ड. मी जिन्यात उभी राहून ओरडले होते, "विनू, ही मोटरसायकल आहे की दुर्बीण? कोण बघणार आहे एवढं जवळून?" तो म्हणाला, "ताई, रंग काहीच झाकत नाही. तुला वाटतं झाकतो. उलट चकाकी आली की सगळं दिसायला लागतं." मी म्हटलं, "मला एवढंच दिसतंय की तुझ्याच्याने हे संपणार नाही." हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. चाळीचा पुनर्विकास ठरला आणि दिवाळीच्या आत जागा खाली करा, अशी सूचना लागली. जिन्याखालचं सामान तर त्याआधीच हलवायचं होतं. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला विनूच्या छातीत दुखू लागलं. परळच्या हॉस्पिटलात नेलं, तीन नळ्या बंद निघाल्या, बायपास ठरली. ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो हळूहळू जिना उतरून खाली गेला. मी मागून गेले. टाकीवर राखाडी प्रायमर होता, त्यावर त्याने दुपारीच शेवटचा वॉटर पेपर मारलेला होता, ती अजून ओलसर होती. "टाकी झाली, ताई," तो म्हणाला. "मडगार्ड पण झाले. आता फक्त रंग. दसऱ्यानंतर रंगवू."

मी "बरं" म्हटलं. माझा विश्वास बसला नव्हता. पाच वर्षं हेच ऐकत होते ना.

ऑपरेशन चांगलं झालं, पण टाक्यांत पू झाला आणि पंधरा दिवसांचे पंचवीस झाले. मी रोज परळला जायचे, यायचे. एका संध्याकाळी परत आले तर सोसायटीचे दोघं जिन्याखाली उभे. "बाई, रविवारच्या आत हे हलवा, नाहीतर भंगारवाला घेऊन जाईल." मला त्या क्षणी जे सुचलं ते मला तेव्हा फार छान वाटलं. विनू घरी येईल तेव्हा मोटरसायकल तयार असेल! त्याच्या हातून होणार नाही ते मी पूर्ण करून ठेवीन. आजारपणातून उठलेल्या माणसाला याहून मोठा आनंद काय असणार?

दुसऱ्या दिवशी टेम्पोत सगळे भाग घालून मी नंदूच्या शेडमध्ये हजर झाले. नंदूने टाकी हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाला, "काय काम केलंय ओ विनूभाऊंनी..." मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, त्यांना विचारलंय ना?"

"हो," मी म्हटलं. "त्यानेच पाठवलंय."

मी आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. हे खोटं मी इतक्या सहज बोलले की मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

"हवा ओली हा," नंदू म्हणाला. "ह्या प्रायमरने पाणी धरलेलं असणार. आठ-दहा दिवस राहू दे इथे दिव्याखाली, मग मारू."

"शनिवारी तो घरी येतोय. मला शुक्रवारी पाहिजे."

"आणि रंग? विनूभाऊंचा मरून जरा वेगळा होता, ते सांगत होते..."

"अरे, मरून तो मरून," मी म्हटलं.

नंदूने हॅलोजनचे दिवे लावून टाकी-मडगार्ड सुकवले, जेवढे सुकले तेवढे, आणि रंग मारला. त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने शुक्रवारी आमच्या चाळीच्या चौकात बसून सगळे भाग जोडले. मोटरसायकल उभी राहिली तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आरशासारखी झळकत होती. पोरंबाळं गोळा झाली, काकूंनी हळदीकुंकू लावलं, आणि आम्ही तिच्यावर चादर टाकून ठेवली.

शनिवारी टॅक्सी दारात थांबली. विनूला हाताला धरून उतरवलं. सगळी चाळ चौकात उभी होती आणि त्याला वाटलं आपल्याच स्वागताला आलेत, तर तो लाजून हात जोडायला लागला. मी चादर ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो बघत राहिला. पुढे झाला आणि टाकीवर पंजा ठेवला. बोट फिरवलं नाही, नुसता पंजा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण टाळ्या थांबल्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "छान झालंय गं, ताई. चकाकतंय अगदी." त्याचा चेहरा हसरा होता. "वर जाऊया का? दमलोय."

मला वाटलं, अशक्तपणा आहे.

आठवड्याभराने दसरा आला. दर दसऱ्याला विनू आपली हत्यारं पाटावर मांडायचा. पत्र्याची पट्टी, तारेचे ब्रश, तो लाकडी ठोकळा, नंबर घातलेले पेपर. त्यांना झेंडूची फुलं वाहायचा. त्या दिवशी मी पाट मांडून ठेवला. तो आंघोळ करून आला, पाटाकडे बघितलं आणि म्हणाला, "हत्यारं कशाला आता? काम तर झालं." अगदी साधेपणाने म्हणाला. मीही ते साधेपणानेच घेतलं आणि पाटावर पंचांग आणि माझी जुनी गणिताची पुस्तकं ठेवली. चौकातल्या मोटरसायकलला हार मीच घातला.

त्यानंतर तो माझ्याबरोबर संध्याकाळी मालिका बघायला लागला. सकाळी फिरायला जायचा, दुपारी झोपायचा. औषधं वेळेवर घ्यायचा. मी लोकांना सांगायचे, विनू आता अगदी शहाण्यासारखा वागतो. एकदाच मी विचारलं, "अरे, तुझ्या दुकानातल्या मित्रांना बोलव की, गाडी दाखव." म्हणाला, "बोलवू कधीतरी." आणि जी सूचना डोळ्यांसमोर ठेवून मी एवढी घाई केली, ती दिवाळीच्या आधीच पुढे ढकलली गेली. मग आणखी एकदा. आम्ही... म्हणजे मी, अजून त्याच दोन खोल्यांत आहे. जिन्याखालची जागा रिकामी पडलेली आहे. त्या जागेत तो अजून एक नव्हे, तीन-चार महिने निवांत बसू शकला असता.

तेरावं झाल्यावर नंदू भेटायला आला. हातात कापडी पिशवी होती. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून पत्र्याची झाकणं काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. रंगाच्या डब्यांची झाकणं, चौदा होती. प्रत्येकावर मरून रंग मारलेला, प्रत्येकाचा मरून किंचित वेगळा. मागे चिकटपट्टीवर विनूचं बारीक अक्षर : 'थिनर जास्त'. 'गन लांब धरली'. 'लाल वाटतो'. 'हवा ओली, पांढुरका झाला'. शेवटच्या झाकणामागे नुसतं लिहिलं होतं : 'हा'.

"रविवारी यायचे ना माझ्याकडे," नंदू म्हणाला. "वर्षभर रंगाची गन मारायला शिकत होते. टाकी स्वतःच्या हाताने मारणार होते."

मी ते झाकण हातात घेऊन गॅलरीत आले आणि खाली चौकातल्या टाकीकडे पाहिलं. दोन्ही मरूनच. पण चौकातला भडक होता, लग्नाच्या पत्रिकेसारखा. झाकणावरचा शांत होता; पाण्यात भिजवलेल्या आमसुलांचा जसा गडद, थोडा तपकिरीकडे झुकणारा असतो तसा. रविवारी सकाळी तो बाहेर पडायचा तेव्हा मी समजायचे गप्पा मारायला जातोय. कधी विचारलंच नाही.

"तू मला त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. नंदू खाली बघत म्हणाला, "तुम्ही म्हणालात त्यांनीच पाठवलंय. मला वाटलं, ऑपरेशन झालं, धीर सुटला असेल माणसाचा..." मग म्हणाला, "बाई, आणखी एक हा. त्यांनी सांगू नको म्हटलेलं. पण आता मनात ठेवून काय करू?"

डिसेंबरात एकदा विनू फिरायला म्हणून बाहेर पडला आणि बसने थेट लालबागला गेला होता. नंदू त्याला बघून घाबरला, म्हणाला, "विनूभाऊ, बाई बोलल्या तुमची परवानगी आहे म्हणून मी हात लावला." त्यावर विनू म्हणाला, "हो, विचारलं होतं ना तिने मला. मीच हो म्हटलं होतं."



"तुम्ही विचारलं नव्हतं ते मला तेव्हाच समजलं ओ," नंदू म्हणाला. "मग विनूभाऊ बोलले, टाकीच्या खालच्या अंगाला फोड यायला लागलेत. बारीक. अजून दिसत नाहीत, हाताला लागतात. मी म्हटलं मी येऊन घेऊन जातो, परत करून देतो, तर नको म्हणाले. ताईला कळू देऊ नको, तिने हौसेने केलंय."

नंदू गेल्यावर मी खाली उतरले. टाकीच्या खालच्या कडेवरून माझी बोटं फिरवली. आता तर डोळ्यांनाही दिसत होते, मोहरीएवढे फोड, एकाला एक लागून, टाकीच्या बुडापासून वर चढत चाललेले. माझ्या नकळत तो रोज सकाळी फिरायला जाताना त्यांच्यावरून हात फिरवत असेल, आणि वर येऊन माझ्याशी भाजी कोणती आणू यावर बोलत असेल... मला त्याने एक शब्द सुनावला असता तरी चाललं असतं. भांडला असता तर आम्ही दोघांनी मिळून सगळा रंग काढला असता. त्याने मला तीही संधी दिली नाही, आणि मी मागण्याइतकी शहाणी नव्हते.

मी नंदूला फोन केला. म्हटलं, परत कर, विनूच्या त्या 'हा' रंगात कर. तो लगेच हो म्हणाला नाही. "बाई, फोड खालून आलेत. पाणी प्रायमरमध्ये अडकलंय. नीट करायचं तर रिमूव्हर लावून पत्र्यापर्यंत जावं लागेल. विनूभाऊंचं काम पण जाईल सगळं. लांबी, प्रायमर, काही राहणार नाही. मी करीन पुन्हा, पण ते माझं होईल."

तीन दिवस मी विचार केला. चौथ्या दिवशी सकाळी वॉटर पेपर आणि पाण्याचं भांडं घेऊन चौकात गेले. टाकीच्या वरच्या अंगाला, जिथे एकही फोड नव्हता, तिथे पेपर भिजवून हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. लाल पाणी ओघळायला लागलं. काकू गॅलरीतून ओरडल्या, "अगो, काय करतंस? एवढी चकचकीत गाडी!" मी घासत राहिले. माझे हात या कामाचे नाहीत, पंधरा मिनिटांत खांदा भरून आला. आधी पिंगट झालं, मग कडेने राखाडी दिसू लागलं. तिथे मी पेपर ठेवून दिला आणि उरलेलं नुसत्या ओल्या कापडाने पुसत, अगदी थोडं थोडं घासत गेले. तासाभराने तळहाताएवढा विनूचा प्रायमर उघडा झाला.

तेवढ्यावर थांबले. नंदू येऊन बघून गेला. म्हणाला, पावसाआधी झाकायला हवं, उघडा प्रायमर पाणी पितो. मी हो म्हटलं आहे, पण अजून काही ठरवलेलं नाही. सध्या सकाळी दूध घेऊन वर जाताना मी चादर बाजूला करते आणि त्या राखाडी तुकड्यावर बोटं ठेवते. इतका गुळगुळीत आहे तो की बोटांखाली काही आहे असंच वाटत नाही. बाकी सगळी टाकी माझी आहे, फोडांसकट. हा एवढाच भाग विनूने सोडला होता तसा आहे.